अनुभव धागा: छातीला बसतो, कंबरेला लोंबतो (शर्टाचं फिटिंग, ठाणे-नवी मुंबई)

राम मारुती रोडवर बायकांच्याच विभागात लिननचा शर्ट आवडला. छातीला बरोबर, कंबरेला अघळपघळ. एक साइझ कमी घातला तर दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधे फट. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, असेच येतात. फिटिंग करून घ्या." म्हणजे आधी इथे पैसे मोजा, मग शिंप्याकडे. ज्यांनी शर्ट दाबून, उसवून, वाढवून घेतलेत त्यांनी लिहा. दुकानांची नावं नकोत, काम कसं करून घेतलंत ते हवंय.

नेरूळ-ठाणे लोकलवाली

आरशासमोर ताठ उभं राहून फिटिंग बघूच नका. टाचण्या लावल्या की एक हात वर करायचा, गाडीतली कडी धरतो तसा. मग स्टुलावर बसायचं, दोन्ही हात पुढे, कीबोर्डवर असतात तसे. एका मास्टरांनी माझ्या शर्टाच्या बाजू अशा दाबल्या की उभ्याने झकास. ऑफिसात बसल्यावर पाठीत ओढ आणि समोरची बटणं ताणलेली. परत न्यावा तर त्यांनी उरलेलं कापड कापून ओव्हरलॉक मारलेलं, सैल सोडायला माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जास्तीचं कापडच नाही. "मॅडम, आपने ही बोला था फिटिंग चाहिए." आता शर्ट देतानाच बजावते: कापायचं नाही, आत दुमडून ठेवा.

कळव्याची शिवणवाली

मी घरी ब्लाउज शिवते, अल्टरेशनही घेते. मास्तर का कापतात तेही ऐका. शर्टाची बाजू आणि बाही एकाच लांब शिलाईत असतात, कफपासून थेट घेरापर्यंत. तीही डबल, दोन्ही कापडं एकमेकांत दुमडलेली. ती नीट उसवायला वेळ जातो आणि तुम्ही देणार बाजू दाबायचे पैसे.

येणारी प्रत्येक जण "बाजूने दाबून द्या" म्हणते. बाजूने जास्त घेतलं की काखेखाली चुण्या पडतात आणि शर्ट सीटवर, म्हणजे कुल्ल्यांवर चढून बसतो. कंबरेचा सैलपणा बहुतेक वेळा पाठीत असतो. तिथे दोन उभे टक्स, म्हणजे आतून शिवलेल्या घड्या घ्यायच्या, वर-खाली निमुळते, कंबरेत सगळ्यात रुंद, सीटच्या आधी संपवायचे. घडीत अर्धा इंच धरला तर एका टक्सात एक इंच जातो, दोन्ही मिळून दोन. कापड कापावं लागत नाही, पुढे अंग भरलं तर उसवून मोकळं.

छातीसाठी बाजूच्या शिलाईतून आडवा टक्स. त्याचं टोक छातीच्या मध्यापासून साधारण एक इंच अलीकडे थांबवायचं, नाहीतर ते टोक वर उभं राहतं. तयार शर्टात हा टक्स घेतला की पुढचा भाग बाजूला आखूड होतो, म्हणून खालचा घेर पुन्हा दुमडावा लागतो. ते काम कोणी धरत नाही, मग शर्ट पुढून वर, मागून खाली. बटणांच्या मधे फट पडत असेल तर आतून टिच बटण लावा, स्वस्तात काम होतं.

आणि सुती शर्ट आधी धुवा, मग आणा.

कोर्टनाका

वकील आहे, पांढरा शर्ट रोजचा. पातळ पांढऱ्या कापडात आतली दुमड बाहेरून दिसते, त्यामुळे माया ठेवायचा सल्ला मला थोडासाच पाळता येतो. माझं खरं दुखणं वेगळंच. ब्लाउजवाल्यांना टक्स येतात, कॉलरला हात लावत नाहीत. जेन्ट्स टेलर कॉलर-कफ सुरेख करतो, पण बाईची छाती मापायची वेळ आली की टेप हातात धरून छताकडे बघतो. शेवटी वाटणी केली. शर्ट जेन्ट्स टेलर शिवतो, बाजू कच्च्या टाक्यांनी जोडून देतो. टक्स नौपाड्यातल्या ब्लाउजवाल्या ताई घेतात, बाजूची पक्की शिलाईही त्याच मारतात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही आणि दोघेही दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवतात.

तयार शर्ट घ्यायचा असेल तर खांदा बघा. खांदा उतरला असेल तर बाही काढून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो. त्या पैशात नवा शर्ट येतो.

रबाळे, जनरल शिफ्ट

इथे फिटिंग दिसण्यासाठी नाही. मशिनजवळ सैल कपडा चालत नाही आणि कंपनीचा युनिफॉर्म पुरुषांच्याच मापाचा. छातीसाठी 40 घ्यावा तर बाह्या बोटांवर येतात, आणि तोच शर्ट खाली सीटला घट्ट, शेवटचं बटण लागत नाही. टेलरकाकांनी कफ उसवून बाह्या वर घेतल्या, बाजूच्या शिलाया खालून उसवल्या आणि बाहीतून निघालेल्या कापडाच्या त्रिकोणी कळ्या तिथे बसवल्या. रंग तोच, कुणाला कळतही नाही. लाइनवरच्या सगळ्याजणी आता त्यांच्याकडेच जातात. पैसे मात्र ज्याचे त्याने, कंपनी देत नाही.

सीवूड्स

सगळ्यांनी फिटिंग का मारायचं? मी नवऱ्याचे जुने शर्ट घालते, बाह्या दुमडते, झालं. मे महिन्यात अंगाला न चिकटणारा कपडा म्हणजे सुख.

नेरूळ-ठाणे लोकलवाली

सीवूड्स, सुट्टीच्या दिवशी मीही तेच करते. क्लायंट मीटिंगला मात्र "घरून घाईत आलात का" असं विचारतात.

घणसोली

छातीची शस्त्रक्रिया झाल्यावर हात वर जात नव्हता, म्हणून पुढून उघडणारे शर्टच घालायला लागले. माझी डावी बाजू सपाट आहे. एका टेलरने सवयीने दोन्हीकडे सारखे टक्स घेतले आणि डावीकडे नुसता झोळ आला. मग आमच्या सेक्टरमधल्या एका शिवणकामवाल्या मावशींनी दार लावून, शर्ट अंगावर असतानाच दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाचल्या. डावीकडचा टक्स काढला, जास्तीचं कापड मुंढ्यात आणि बाजूत थोडं थोडं घेतलं, वर जरा मोठा खिसा लावला. खिसा तसाही डावीकडेच असतो. मावशींनी काही विचारलं नाही, फक्त "दुखतंय तिथे शिलाई येत नाही ना?" एवढंच. व्रणावर शिलाई घासते, त्यामुळे हे आधी सांगाच.

धागाकर्ती

घणसोली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कळवा, एक शंका. माझा दुसरा शर्ट चौकडीचा आहे. पाठीत टक्स घेतले तर चौकडी मोडेल का?

कळव्याची शिवणवाली

मोडते. कंबरेपाशी रेघा आत ओढल्यासारख्या दिसतात. बारीक चौकडी असेल तर खपून जातं, मोठी असेल तर बाजूनेच थोडंसं घ्या आणि बाकी सैल राहू द्या. घेऊन या, पण जूनमध्ये नको. शाळांच्या युनिफॉर्मचा ढीग असतो, जुलैत या.