मदत हवी आहे: मेंटॉर पाच टक्के शेअर मागताहेत, द्यावेत का? (पुणे)

नमस्कार मंडळी. सोमवारपर्यंत मला एका माणसाला उत्तर द्यायचं आहे, म्हणून जरा घाईने विचारतोय.

मी आणि माझा इंजिनिअरिंगचा मित्र, दोघांनी दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून प्रायव्हेट लिमिटेड काढली. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशिनच्या कूलंटच्या टाकीत बसणारा सेन्सर बनवतो. भोसरी-चाकणवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. कूलंट म्हणजे कापताना टूल थंड ठेवणारं, तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण. पाणी उडून जातं, मग कोणीतरी अंदाजाने बादली ओततो. प्रमाण बिघडलं की जॉबला, म्हणजे मशिनवरच्या तुकड्याला, गंज धरतो, टूल लवकर जातात. भोसरीत गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी मशिनचं दार उघडल्यावर जो कुजका वास येतो, तो त्यात वाढलेल्या बॅक्टेरियांचा. बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर, थेंब टाकतो, एक डोळा मिटून उजेडाकडे धरतो आणि आकडा वहीत लिहितो. महिनाभर रोज ७ च लिहिलेली वही मी पाहिली आहे. आमचा सेन्सर तेच रीडिंग दर दहा मिनिटांनी मोबाइलवर देतो.

भोसरीतल्या एका शॉपने चार सेन्सर घेतले, पैसे वेळेवर दिले. पण चाकणच्या एका मोठ्या कंपनीत सहा सेन्सर पाच महिने 'ट्रायल'वर पडून आहेत. मेंटेनन्सचे लोक रोज वापरतात, खूश आहेत. पीओचं, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डरचं, विचारलं की ते परचेसकडे पाठवतात, परचेस म्हणतं प्लँट हेडची सही राहिली आहे. गेल्या पंधरवड्यात चार वेळा गेटपास काढून आत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. आमच्याकडे सात महिने पुरतील एवढे पैसे आहेत. मित्राचं घर सध्या वहिनींच्या पगारावर चाललंय, ते मला फार लागतं.

अशात एक सर भेटले. वाहन उद्योगात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. माणूस जाणकार आहे. पहिल्याच भेटीत प्रोबवर, म्हणजे सेन्सरच्या कूलंटमध्ये बुडणाऱ्या टोकावर, बोट ठेवून म्हणाले, "इथे धातूच्या बारीक चिप्स साचल्या तर?" आम्ही दोन महिने नेमके तिथेच अडकलो होतो. त्यांनी सुचवलेल्या जाळीने तो प्रश्न सुटला. आता ते पाच टक्के शेअर आणि संचालकपद मागताहेत. त्या बदल्यात महिन्याला दोन भेटी आणि ओळखी करून देणार. शेअर कागदावर हवेत, काम मात्र तोंडी, "विश्वासावर चालू" म्हणतात.

मित्र म्हणतो देऊन टाकू. माझं मन धजत नाही. आमच्या घरात सगळे नोकरीवाले, धंद्यातलं विचारायला कोणी नाही. मला ओळखी काढून देणाऱ्यापेक्षा "हे चुकतंय, थांबव" असं तोंडावर सांगणारं माणूस हवं आहे. पुण्यात असं कोणी कसं शोधायचं? आणि पाच टक्के हा आकडा रास्त आहे का?

प्रतिसाद

हडपसरला पंचवीस वर्षं छोटं युनिट चालवतोय, त्यावरून लिहितो.

पाच टक्के आत्ता देऊ नका. सहा महिने भेटींचं मानधन द्या, त्यांच्यामुळे ऑर्डर आली तर कमिशन द्या. शेअर द्यायचेच झाले तर पाव ते एक टक्का, तेही दोनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने, काम लिहून घेऊन. आणखी एक, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५४ प्रमाणे स्वेट इक्विटी, म्हणजे कामाच्या मोबदल्यात दिलेले शेअर, कर्मचाऱ्यांना किंवा संचालकांनाच देता येते. संचालकपदाची मागणी कदाचित त्यातूनच आली असेल. सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएला दाखवल्याशिवाय सही नको.

पण तुमचं दुखणं चाकणला आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमई कायदा २००६ खाली माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण विक्रीच झाली नाही तर कायदा काय करणार? मेल टाका: अमुक तारखेला सहाही सेन्सर काढून नेतो, ठेवायचे असतील तर त्याआधी पीओ द्या. वापरणारे लोकच परचेसच्या मागे लागतील.

तुम्हाला हवं तसं तोंडावर सांगणारं माणूस शोधायला पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं भाऊ इन्स्टिट्यूट (दोन्ही नव्या कंपन्यांना मदत करतात) आणि सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था, तिन्हीकडे जाऊन या. जाताना एकच नेमका प्रश्न न्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. मेलचा मसुदा रात्रीच लिहिला, मित्राने वाचून तारीख आणखी आठ दिवस अलीकडे आणली. उद्यम नोंदणी आहे. आता एकच अडलंय. ती जाळी सरांनी सुचवली नसती तर आम्ही अजून तिथेच असतो. त्यांना नाही म्हणायचं, पण त्यांचा मान राहावा आणि येणं-जाणंही तुटू नये, असं कसं सांगू? कोणी असं बोलणं केलं असेल तर तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत, ते कृपया लिहा.