फासे कोणी टाकायचे? माझ्या मते सगळे खेळाडूंनीच

धरमपेठी डीएम
डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायच्या गेममध्ये १९७४ पासूनची रीत अशी की खेळाडू आपल्या पात्रापुरते फासे टाकतो आणि उरलेल्या सगळ्या जगाचे फासे डीएम, म्हणजे गेम चालवणारा डंजन मास्टर, टाकतो. मला ही रीत पटत नाही. गेम चालवणाऱ्याच्या हातात एकही फासा नको.

कारण टेबलावरच दिसतं. आमची मोहीम सध्या रामटेकच्या डोंगरात चालू आहे. अस्वल अंगावर आलं आणि मी माझ्यापुढच्या छोट्या पडद्यामागे, कोणाला न दाखवता, फासा टाकून "लागला, नऊ गेले" म्हटलं, की खेळाडू वहीत आपल्या पात्राच्या जीवाच्या आकड्यातून नऊ वजा करतो आणि पोह्यांच्या प्लेटकडे वळतो. तेच "अस्वलाने पंजा उगारलाय, चुकव" म्हटलं की तो खुर्चीच्या टोकाशी येतो, वीस बाजूंचा फासा मुठीत घोळवत बसतो आणि बाकीचे त्याच्या हाताकडे बघत राहतात. दान वाईट पडलं तरी ते त्याचं असतं.

यात नवं काही नाही. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या अशाच गेममध्ये गेम चालवणारा फासे टाकतच नाही. खेळाडू सहा बाजूंचे दोन फासे टाकतो: दहा किंवा वर आले तर जमलं, सात ते नऊ आले तर किंमत मोजून जमलं, त्याखाली आले तर संकट. 'न्युमेनेरा' या दुसऱ्या गेममध्ये प्राण्याची पातळी गुणिले तीन एवढं दान वीस बाजूंच्या फाशावर लागतं. पातळी चार असेल तर त्याला मारायलाही बारा आणि त्याच्यापासून वाचायलाही बारा, आणि दोन्ही वेळा फासा खेळाडूचाच.

बर्डीवरचा भाऊ
भाऊ, तू म्हणून राहिला ते हल्ल्यापुरतं ठीक आहे. पण शोधाशोधीचं काय? माह्या पोट्ट्यांनी दारावर सापळा आहे का ते बघायला फासा टाकला आणि तीन आले. मी म्हणालो, "काही दिसत नाही." आता टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे की वीसपैकी तीनच आले, म्हणजे शोध फसला. लगेच दुसरा म्हणतो मी पण बघतो, मग तिसरा. हाच फासा मी पडद्याआड टाकला असता तर "काही दिसत नाही" म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला असता. आणि डीएम काऊन फासे सोडणार? तो पण खेळालाच बसला आहे नं. राक्षसाचं वीस पडतं तेव्हा मलाही आनंद होतो.

प्रतापनगर, गणितवाला
कोणाची बाजू घेत नाही, पण फासा उलट करताना बरेच जण आकडे चुकवतात. समजा राक्षसाचा बोनस, म्हणजे त्याच्या दानात मिळवायचा आकडा, ५ आणि खेळाडूचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला मार लागायला हल्ल्याची जेवढी बेरीज व्हावी लागते तो आकडा, १५. राक्षसाला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर लागतात, म्हणजे हल्ला लागण्याची शक्यता ५५ टक्के. आता खेळाडूने टाकायचं म्हणून तुम्ही त्याच्या आर्मर क्लासमधून १० वजा करून ५ बोनस दिला आणि राक्षसाच्या बोनसमध्ये १० मिळवून १५ चं लक्ष्य ठेवलं, तर खेळाडू १० किंवा वर आले की वाचतो. हल्ला लागण्याची शक्यता ४५ टक्क्यांवर आली! बरोबरीत खेळाडू वाचणार असेल तर १२ मिळवा, म्हणजे लक्ष्य १७ होतं आणि हिशोब जुळतो. राक्षसाचं सर्वात भारी दान २० म्हणजे खेळाडूचं सर्वात वाईट १, आणि राक्षसाला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) असेल तर खेळाडूला डिसॲडव्हान्टेज (दोनातला लहान घेणं).

महालातली वाचक
मी धरमपेठींच्या बाजूने. महाभारताच्या सभापर्वातही डाव लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने. "एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला विषम, म्हणजे अन्यायाचं, वाटतं" ही हरकत युधिष्ठिराने खेळ सुरू होण्याआधीच घेतली होती. पडद्यामागच्या फाशाबद्दल माझी हरकत तीच आहे. डीएम दान बदलतो तेव्हा बहुतेक वेळा आमच्या भल्यासाठीच बदलतो, हे मला ठाऊक आहे. पण मग माझं पात्र वाचलं ते माझ्या हुशारीने, नशिबाने की कोणाच्या दयेने, हे मला कधीच कळत नाही.

बर्डीवरचा भाऊ
दया काऊन वाईट? पहिल्यांदा आलेलं पोट्टं पहिल्याच लढाईत मेलं तर पुढच्या रविवारी येत नाही. आणि दुसरं सांगतो. आठ गोब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, एकाच खेळाडूवर तुटून पडले तर त्याने लागोपाठ आठ वेळा आपल्याच मरणाचा फासा टाकायचा? ही शिक्षा झाली. मी आठ फासे एकदम टाकतो आणि मोकळा होतो.

धरमपेठी डीएम
नवख्याला वाचवायचं तर गोब्लिन कमी आणा, किंवा त्याला मारण्याऐवजी कैद करा. दान खोटं सांगायची गरजच पडत नाही. आठ हल्ल्यांचा मुद्दा रास्त आहे, पण तिथे खेळाडूनेच आठ फासे एकदम टाकावेत. शोधाशोधीसाठी माझा उपाय असा: गेम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा दहादा टाकून आकडे चिठ्ठीवर लिहून मला द्यायचे. गरज पडेल तसा मी त्यातला एकेक आकडा खोडतो. दान त्यांचंच, आणि गुपितही राहतं.

बर्डीवरचा भाऊ
चिठ्ठीवरचा आकडा कधी खोडला ते खेळाडूला दिसतच नाही. म्हणजे मुठीत फासा घोळवणं गेलं, बाकीच्यांचं त्याच्या हाताकडे बघणं गेलं. तुझा सगळा मुद्दा तर तोच होता नं?

धरमपेठी डीएम
मुद्दा जीव धोक्यात असतानाचा होता, आणि तिथे फासा खेळाडूच टाकणार. दाराची कडी तपासताना कोणी मुठीत फासा घोळवत नाही. येत्या रविवारी गणितवाल्यांचे बारा मिळवून अस्वलाची लढाई पुन्हा लावतोय. भाऊ, तुम्ही खेळाडू म्हणून या. मग सांगा, फासा परत माझ्याकडे द्यावासा वाटतो का.