कालरेषा मापात आखायची की सारख्या अंतराने?

पेठेतला:
आमचं मंडळ यंदा देखाव्याऐवजी पुण्याची टाइमलाइन लावणार आहे. फ्लेक्सचं कच्चं डिझाइन आलं: 1730 शनिवारवाड्याची पायाभरणी, 1828 वाड्याची आग, 1848 भिडेवाड्यातली मुलींची शाळा, 1897 प्लेग, 1961 पानशेतचा पूर, 2022 मेट्रो. सगळे ठिपके सारख्या अंतरावर. म्हणजे पहिली 98 वर्षं आणि पुढची 20 वर्षं एकाच मापाची! फुटाला 25 वर्षं धरा, बारा फुटांत सगळं बसतं. आग ते शाळा जेमतेम दहा इंच. वाडा जळून वीस वर्षं होतायत तोच, तिथून चालत दहा मिनिटांवर मुली पाटी घेऊन बसल्या, हे न वाचताही दिसतं.

हिंजवडीकर:
आणि सुरुवातीचे चार फूट कोरे? गणपतीत मागून रेटा असतो हो, कोण उभं राहून इंच मोजणार? आधी काय, नंतर काय, एवढं कळलं तरी खूप झालं.

पेठेतला:
कोरे कसे? पानिपत 1761, नारायणरावांचा खून 1773, वाड्यावर युनियन जॅक 1817. डिझाइनवाल्याने घातलंच नाही. मापात आखलं की अशा गाळलेल्या जागा उघड्या पडतात, सारख्या अंतरात सगळं झाकलं जातं.

मोडीवाचक:
रेघेचं एवढं कौतुक नको. जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची जुनी यादी, तिच्यात ना रेघ, ना माप. शक, महिना, तिथी आणि नोंद, बस्स. टिळकांनी ती 1916 साली छापली आणि तिच्यातल्या फाल्गुन वद्य 3, शके 1551 या नोंदीने शिवजन्माचं 1627 हे रूढ साल हललं. आज सरकारी जयंती 19 फेब्रुवारी 1630 धरून होते. तपासायचं असेल तर यादीच लागते. तुमच्या फ्लेक्सवर नुसती सालं आहेत, ती पडताळायची कशी?

साइट इंजिनिअर:
आमच्याकडे कामाच्या वेळापत्रकाला माप नसेल तर चार्ट फाडून टाकावा लागेल. ठरलेली पट्टी वर, झालेली खाली; उशीर किती ते लांबीवरूनच कळतं. मेट्रोचं भूमिपूजन 24 डिसेंबर 2016, पहिली गाडी 6 मार्च 2022. नुसते दोन ठिपके शेजारी काढले तर मधली पाच वर्षं कालपरवासारखी वाटतील. फ्लॅटच्या पझेशनची वाट बघणाऱ्याला विचारा.

कॉलेजकुमार:
पोरांना टाइमलाइन म्हणजे फोनवरची. नवं वर, जुनं खाली. मेट्रोपासून मागे जा की!

मोडीवाचक:
ती तर आता वेळेच्या क्रमानेही चालत नाही. आणि उलटं गेलात तर प्लेगच्या आधी प्लेग अधिकारी रँडचा खून दाखवणार का?

हिंजवडीकर:
बरं, मापात करा. मग सार्वजनिक गणपतीचा ठिपकाही हवाच ना? भाऊसाहेब रंगारींचं 1892 की टिळकांचं 1893? तुमच्या मापात त्या वादाला अर्धा इंचही मिळत नाही. मंडळाची मीटिंग मात्र पहाटेपर्यंत चालेल.