नुसत्या वासावर पान भज्यात घालायचं?

यावलकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'ओव्याचा नाहीतर लिंबाचा वास आला की पान बिनधास्त खा, नाक चुकत नाही.' अहो, खऱ्या ओव्याचं झुडूप शेपूसारखं, बारीक पानांचं. कुंडीतला पानओवा तुळशीच्या कुळातला. दोघांत थायमॉल हा वासाचा घटक, म्हणून वास जुळतो. पानओव्याची भजी होतात, कबूल. पण नर्सरीत त्याच्या शेजारीच 'विक्स तुळस' असते, ती वाफाऱ्याला. पानओव्याचं पान जाड, रसदार, काठाला दाते, वाकवलं की कटकन मोडतं. विक्सचं लहान, चुरगाळलं की थेट कापूर.

धुळेकर: काय भो, एवढ्याशा भज्यासाठी वनस्पतीशास्त्र? आमची आजी वासावरच भाजी ओळखायची.

यावलकर: आजी खोड, फूल, बांध सगळं बघायची. नर्सरीतली कुंडी तिच्यापुढे आली होती कधी?

सावद्याची सून: आमच्या जाऊबाईंनी गवती चहा म्हणून सिट्रोनेला, ते डास पळवायचं गवत, लावलं. सासऱ्यांनी एक घोट घेतला अन् म्हणाले, "मच्छर अगरबत्ती उकळली का?" नर्सरीवाला वर तोंड करून सांगतो, दोन्ही एकच! बुंधा बघा. सिट्रोनेलाचा लालसर, गवती चहाचा पांढरट हिरवा.

केळीवाला: फवारणी म्हटली की शिव्या आम्हाला. शोभेच्या रोपांवर काय मारतात, ते कोणी विचारतं? ती खाण्यासाठी वाढवलेली नसतात. ओळख पटली तरी आणल्या आणल्या पानं तोंडात घालू नका.

धुळेकर: बुंध्याचं मानलं. तेवढंच! मी पानओवा वासावरूनच भरितात टाकला, टमाट्यासोबत. झकास झालं.

सावद्याची सून: भरितात टमाटा??

केळीवाला: जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अन् हे त्याची चटणी करतात.

सावद्याची सून: वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. बस्स. टमाटा पुण्याला पाठवा.

यावलकर: धागा पानांचा होता...

धुळेकर: तुम्ही थांबा हो. अक्का, राहिला तुमचा टमाटा. पण भरितासोबत पुऱ्या खाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरीच लागते.

सावद्याची सून: मग दोनशे पानांच्या पंगतीला भाकरी थापायला येता का भाऊ?