‘डब्लिनर्स’ क्रमानेच वाचावे का?

धागाकर्ता:
आयरिश लेखक जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा पंधरा कथांचा संग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला. तो हाती घेणाऱ्याला सर्रास सल्ला मिळतो, की आधी शेवटची ‘द डेड’ वाचा, बाकीच्या जमतील तशा. मला हे मुळीच पटत नाही. बालपण, तारुण्य, प्रौढ वय आणि सार्वजनिक जीवन हा क्रम जॉइसने स्वतः लावला आणि प्रकाशक ग्रँट रिचर्ड्सला पत्राने कळवला. पहिल्या कथेत मरणासन्न पाद्र्याच्या खिडकीकडे पाहत एक मुलगा ‘पॅरालिसिस’ हा शब्द रोज रात्री स्वतःशी हळूच उच्चारतो. चौथ्या कथेत प्रियकर फ्रँक जहाजाकडे चलण्यासाठी हाका मारत असताना एव्हलीन धक्क्यावरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते आणि तिचा पाय काही उचलत नाही. मुलाचा तो शब्द मनात असला, तरच त्या हातांचा अर्थ लागतो.

प्रतिसाद १:
असहमत. आपण सांगता ते पत्र १९०६चे आहे आणि ‘द डेड’ लिहिली गेली १९०७ साली, म्हणजे त्या आराखड्यात ही कथा नव्हतीच. शिवाय ‘द सिस्टर्स’, ‘एव्हलीन’ आणि ‘आफ्टर द रेस’ या कथा १९०४ मध्ये ‘द आयरिश होमस्टेड’ या साप्ताहिकात सुट्या छापून आल्या होत्या आणि तेव्हाच्या वाचकाचे क्रमावाचून काही अडले नाही. ‘द सिस्टर्स’पाशीच पुस्तक मिटणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांना ‘द डेड’ तरी मिळू द्या.

धागाकर्ता:
सालाचा मुद्दा मान्य. मात्र त्याच १९०६ साली जॉइसने रोमहून भावाला लिहिले होते, की डब्लिनचे आतिथ्य आपल्या कथांत उतरलेलेच नाही. त्यानंतर ‘द डेड’मधले ते भरलेले टेबल आले, भाजलेले हंस-पक्ष्याचे मांस आले आणि आतिथ्याचे गोडवे गाणारे नायक गेब्रिएलचे भाषण आले. आधीच्या चौदा कथांतला कोरडेपणा ज्याने सोसलेला नाही, त्याला हे टेबल म्हणजे नुसती मेजवानी वाटेल.

प्रतिसाद २:
मी ‘द डेड’ आधी वाचली होती. गेब्रिएलची पत्नी ग्रेटा जिन्यावर उभी राहून गाणे ऐकते, तो प्रसंग मला तेव्हा सुंदर वाटला, पण तेवढाच. पुढे काही वर्षांनी क्रमाने वाचताना ‘क्ले’ आली. धुलाईगृहात काम करणारी अविवाहित मारिया खेळात डोळे बांधून बशीत हात घालते, बोटांना काहीतरी मऊ, ओले लागते आणि खोलीत सगळे गप्प होतात. नंतर ती गाते, तेव्हा लग्नाच्या मागण्यांचे दुसरे कडवे यायला हवे तिथे पहिलेच पुन्हा म्हणते आणि तिची चूक कोणीही दाखवत नाही. त्यानंतर जिन्यावरची ग्रेटा मला वेगळी दिसली, कारण गाण्यातून न बोललेले काय बाहेर येते हे मारियाने मला दाखवले होते. माझे मत क्रमाच्या बाजूने आहे.

प्रतिसाद १:
आपला अनुभव मी मनापासून मानतो, पण काही वर्षांनी आपण त्या पुस्तकाकडे परत वळलात, ते पहिल्या वेळची ग्रेटा मनात राहिली होती म्हणूनच ना?