गाडीच्या दाराचे कुलूप सकाळी फिरत नाही, आजच मदत हवी आहे

नेरूळ_खाडीकाठ: गेला पंधरवडा माझ्या गाडीच्या चालकाच्या बाजूचे कुलूप सकाळी जागचे हलत नाही. किल्ली आत जाते, परंतु फिरवताना ती पिळवटून तुटेल की काय अशी धास्ती वाटते. उद्या पहाटे ठाण्याला निघायचे आहे, तेव्हा कुलूप न बदलता मोकळे करण्याचा खात्रीचा उपाय सांगावा.

कोपरीकर: गाडी कोणत्या सालची आहे? रिमोट चालतो का?

घोडबंदर_रहिवासी: डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या स्प्रेचे दोन फवारे मारा आणि निश्चिंत व्हा. आमच्या रस्त्यावरच्या धुळीतही मी दहा वर्षे हेच करत आलो आहे.

जुना_फिटर: दहा वर्षे फवारे मारावे लागत आहेत, यातच उत्तर आले. त्यातला बराचसा भाग उडून जातो, मागे तेलाचा पातळ थर उरतो आणि धूळ त्यालाच चिकटते. गाडीच्या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या पातळ चकत्या असतात. त्यांना ग्राफाइटची कोरडी भुकटीच मानवते.

वाशी_सेक्टर१७: स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवावी, म्हणजे खिट्टीवरचा ताण सुटतो.

नेरूळ_खाडीकाठ: प्रश्न दाराचा आहे. स्टिअरिंगपर्यंत पोहोचता आले असते तर हा धागा काढलाच नसता. गाडी २०१३ची असून रिमोट दिवाळीपासून बंद आहे. दुपारी मात्र हेच कुलूप सहज फिरते, म्हणून गॅरेजवाल्याला दोष दाखवताही येत नाही.

जुना_फिटर: दुपारी फिरते, हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. आत कोणते तेल घातले आहे?

नेरूळ_खाडीकाठ: पावसाळा संपल्यावर वडिलांच्या सांगण्यावरून थोडे खोबरेल सोडले होते. त्यानंतर दोन महिने कुलूप लोण्यासारखे फिरत होते, त्यामुळे ते सांगण्याची गरज वाटली नाही.

कोपरीकर: खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजू लागते. जानेवारीच्या सकाळी न्हाणीघरातली बाटली पाहा. जे तिच्यात होते तेच कुलपात होत आहे. किल्ली लायटरवर तापवून घाला, काम होईल.

जुना_फिटर: कृपया असे करू नये. २०१३च्या गाडीच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत बहुधा इमोबिलायझरची, म्हणजे गाडीला आपली किल्ली ओळखू देणारी, चिप असते. तिला धग लागली तर दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. आणि आता लगेच ग्राफाइटही घालू नये, कारण तेलात भुकटी मिसळली की तिचा लगदा होतो.

घोडबंदर_रहिवासी: म्हणजे आधी धुवावे लागणार, आणि धुण्यासाठी डब्ल्यूडी-४०च लागणार!

जुना_फिटर: धुण्यासाठी अवश्य, वंगण म्हणून नव्हे. दुपारी, तेल पातळ असताना, रंगावर ओघळ येऊ नयेत म्हणून खाली फडके धरावे, किल्लीच्या भोकावरची झडप नळीने आत ढकलून फवारा मारावा आणि किल्ली आतबाहेर करत प्रत्येक वेळी पुसून घ्यावी. ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करावे, दिवसभर वाळू द्यावे आणि मगच चिमूटभर ग्राफाइट घालावे. कपाटातली दुसरी किल्लीही लावून पाहावी, कारण रोजच्या किल्लीचे दाते झिजलेले असू शकतात.

वाशी_सेक्टर१७: रिमोटमधला बटणासारखा सेल बदलला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

नेरूळ_खाडीकाठ: पहाटे शेवटी टॅक्सीनेच गेलो. दुपारी परतल्यावर सांगितल्याप्रमाणे कुलूप धुतले. चौथ्या वेळी किल्ली पुसली तेव्हा फडक्यावर काळपट लगदा आला आणि त्याला खोबरेलाचा वास होता. कपाटातली किल्ली आता एका बोटाने फिरते; रोजची अजूनही किंचित अडते. ग्राफाइट उद्या घालीन. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी फडके हातात घेऊन हुंगले आणि काही न बोलता घडी करून परत दिले.