माळरानावरच्या बातम्या आपोआप कशा मिळतील? फीड लावू की अलर्ट?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि उजनीचं बॅकवॉटर यावर जे काही नवीन लिहून येतं ते सगळं वाचायची मला लय आवड. पण ते येतं कुठंकुठं बघा, पक्षीनिरीक्षकांचे दोनचार ब्लॉग, यूट्यूब चॅनेल, पेपरचं जिल्हा पान, मधेच सरकारी साइटवर एखादी नोटीस. रोज एकेक उघडून बघत बसणं जमत नाही आणि सोशल मीडियावर फॉलो केलं तर उजनीला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी आलेले हे ते उडून गेल्यावर कळतंय. ईमेलवर एक अलर्ट पण लावलाय 'सोलापूर पक्षी' असा, त्यात नको ते भरपूर आणि हवं ते गायब. कुणी नीट बसवलंय का हे सगळं? फोनवर चालेल असं सांगा.

माळावरचा_धाविक:
दोन्ही लावा, कामं वेगळी आहेत. जे लिहिणारे तुम्हाला माहीत आहेत त्यांच्यासाठी फीड (आरएसएस, म्हणजे साइटवर नवीन काय आलं त्याची आपोआप येणारी यादी), आणि जे माहीत नाहीत त्यांच्यासाठी अलर्ट.

फीडचं सोपंय. फीडली किंवा इनोरीडर असं फीड वाचायचं अॅप, म्हणजे रीडर, घ्या, फुकटच्या खात्यात तुमचं आरामात भागेल. त्यात ब्लॉगचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा फीड तेच शोधून काढतं. नाही सापडलं तर, वर्डप्रेसचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश फीड लावून बघा, ब्लॉगस्पॉट असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट. यूट्यूब चॅनेलची लिंक पण तशीच चिकटवता येते. यात वर काय दाखवायचं खाली काय हे दुसरं कुणी ठरवत नाही, लेख ज्या क्रमानं आले त्या क्रमानं दिसतात, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एवढं लक्षात ठेवा की फीडमध्ये शेवटच्या थोड्याच पोस्ट असतात, वर्डप्रेसमध्ये मुळात 10, म्हणून जुनं वाचायचं तर साइटवरच जावं लागेल.

होटगी_तलाव:
अलर्टचं मी सांगते. गूगल अलर्टमध्ये आपल्या मराठीची एक अडचण असते ती कुणी सांगत नाही. अवतरणात "नान्नज" टाकलं की नेमका तेवढाच शब्द शोधला जातो, पण बातमीत आपण लिहितो नान्नजला, नान्नजच्या, नान्नजमध्ये, मग ती बातमी निसटू शकते. म्हणून सगळी रूपं एकाच अलर्टमध्ये टाकायची, मधे इंग्रजी कॅपिटलमध्ये ऑर लिहायचं. माळढोक, माळढोकाचा, माळढोकांची असं सगळं, शिवाय ग्रेट इंडियन बस्टर्ड हे इंग्रजी स्पेलिंग पण, कारण संशोधनाचं बरंचसं इंग्रजीतच येतं. 'पक्षी', 'सोलापूर' असे मोकळे शब्द काढूनच टाका, त्यानंच कचरा येतोय. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह लावलं की तो वगळला जातो. सेटिंगमध्ये भाषा 'कुठलीही' ठेवा आणि 'फक्त उत्तम निकाल'च्या जागी 'सगळे निकाल' करा, नाहीतर लहान ब्लॉग राहून जातात. आणि 'कुठे पाठवू' मध्ये ईमेल ऐवजी आरएसएस फीड निवडलं की अलर्ट पण त्याच रीडरमध्ये येऊन पडतो, मग एकच अॅप उघडायचं.

जुळेसोलापूरकर:
वा ताई, शब्दांच्या रूपांचं हे डोक्यातच आलं नव्हतं, लगेच बदलतो. सरकारी साइटला फीडच नाही तर काय करायचं ओ? आणि ईबर्डवर, म्हणजे कुठला पक्षी कुठं दिसला याच्या नोंदींच्या साइटवर, पण अलर्ट असतात म्हणे, माळढोक दिसला की कळेल का?

माळावरचा_धाविक:
फीड नसलेल्या पानाला डिस्टिल किंवा व्हिज्युअलपिंग लावा, पानाचा ठरावीक तुकडा बदलला की ईमेल येतो. सगळं पान निवडू नका, फक्त नोटिसांची यादी निवडा, नाहीतर वरची तारीख बदलली तरी निरोप येत राहतो.

ईबर्डवर राज्य किंवा जिल्हा निवडून दुर्मीळ पक्ष्यांचा अलर्ट घेता येतो, रोजचा किंवा तासातासाचा. पण माळढोक त्यात येणार नाही. तो संवेदनशील यादीत आहे, त्याच्या जागा ईबर्ड मुद्दाम झाकून ठेवतं आणि ते अगदी बरोबर आहे. इतके थोडे पक्षी उरलेत की एकाची जागा फुटली तर कॅमेरेवाल्यांच्या गाड्या थेट माळात घुसतील. माळढोकासाठी बातम्या आणि अभ्यास यांचाच अलर्ट ठेवा, गूगल स्कॉलरवर नवीन शोधनिबंधांचा वेगळा अलर्ट मिळतो तोही लावा. बाकी पाणपक्ष्यांसाठी ईबर्डचा घ्याच.

अक्कलकोट_रोड:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक भर घालतो. रीडरमधून ओपीएमएल फाइल अधूनमधून एक्सपोर्ट करून ठेवा, त्यात तुमची सगळी फीडची यादी असते. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडं यादी होती ते दुसऱ्या रीडरमध्ये लगेच गेले. जुळेसोलापूरकर, तुमची यादी झाली की ती फाइल इथं टाका की, उजनीवर लिहिणारे आम्हाला पण हवेत.